मागच्या बाकावरचा कागद

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळविली. वडील पहाटेच्या गाडीने सोनचाफा दादरला नेणारे. घरात दहावीपुढे शिकलेली ही पहिलीच. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. मीही गौरवाचे चार शब्द बोललो. आता पुढे जे काम करायचे आहे ते तुला कोणी शिकविले आहे काय, हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी ती चर्चच्या कार्यालयात आली. एका महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक म्हणून ती रुजू झाली होती. खुर्चीत बसता बसताच म्हणाली, "फादर, मला ही नोकरी सोडायची आहे. बाबांना तुम्हीच सांगा."

मी काही न बोलता ऐकत राहिलो.

"पाच वर्षं मी प्रयोगशाळेत एकाच विषयामागे होते. आता समोर ७० मुलं बसतात. वीस मिनिटांत माझं सगळं सांगून होतं आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कळत नाही. प्रश्नपत्रिका काढली, ती दुरुस्तीला परत आली. नॅकच्या फायली माझ्याकडे दिल्यात. त्यांत काय लावायचं ते विचारायची लाज वाटते. डॉक्टर ना मी!"

"तुझ्या मार्गदर्शकांनी कधी तुझा तास पाहिला होता?"

"नाही. मी प्रॅक्टिकल घ्यायचे, तर ते म्हणायचे, त्यात वेळ घालवू नकोस, शोधनिबंध पुरा कर."

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांच्या मार्गदर्शकांनीही बहुधा त्यांना तेच सांगितले असेल.

ही उणीव कोणाच्याच ध्यानात आली नाही असे नव्हे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांतून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, प्राध्यापकांना उद्बोधन वर्ग मिळू लागले. परंतु ते नोकरी लागल्यानंतर. होडी पाण्यात लोटून झाल्यावर वल्हे कसे धरावे ते सांगावे, तसे. अमेरिकेत १९९३ साली भावी प्राध्यापकांच्या तयारीसाठी 'प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी' हा उपक्रम सुरू झाला. डॉक्टरेट चालू असतानाच विद्यार्थ्याला निराळ्या धर्तीच्या महाविद्यालयात पाठवावे, तेथील अनुभवी प्राध्यापकाच्या सोबतीने शिकविणे, समित्यांचे कामकाज, विद्यार्थ्यांशी वागणे हे सारे जवळून पाहू द्यावे, अशी त्यामागील कल्पना. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला, विषय कोणताही असो, अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले. ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन यांसाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचे काम त्याला देता येते. या मुलीची नोंदणी त्याआधीची. शिवाय काम देणे निराळे आणि ते करताना कोणीतरी जवळ बसून पाहणे निराळे. साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावे, असा याच आयोगाचा २०१८ चा नियम आहे. त्या सोळा तासांत तिला पाहणारे कोणीही नव्हते.

तिचे बोलणे ऐकताना मला माझी सेमिनरी आठवली. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान आम्ही पोटभर शिकलो. पण प्रवचनाच्या तासाला एकेकाने उभे राहून बोलायचे आणि आमचे वृद्ध अध्यापक मागच्या बाकावर बसून रेघांच्या कागदावर काहीतरी लिहायचे. तास संपला की तो कागद हातात पडे. माझ्या पहिल्या कागदावर एकच ओळ होती : 'तू छताला उपदेश केलास.'

पुढे डिकन म्हणून ज्या धर्मग्रामात गेलो, तेथील प्रमुख धर्मगुरूंनी पहिल्याच दिवशी बाप्तिस्म्याची नोंदवही माझ्यापुढे ठेवली. चुकले तर खाडाखोड करायची नाही; रेघ मारायची आणि समासात सही करायची. धर्मग्राम परिषदेच्या सभेत तीन महिने मी फक्त इतिवृत्त लिहावे, तोंड उघडू नये, अशी त्यांची ताकीद होती. मला तो अपमान वाटे. ईशज्ञानाच्या परीक्षेत मी वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो होतो! गुरुदीक्षेनंतर वर्षभरातच दफनभूमीतील जागेवरून दोन कुटुंबांत भांडण जुंपले, तेव्हा त्या तीन महिन्यांची किंमत मला कळली.

नोकरी सोडू नकोस असे मी तिला म्हटले नाही. तो अधिकार माझा नव्हे. एवढेच सुचविले, की एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या तासाला परवानगी घेऊन मागे जाऊन बस. आणि फायलींचे हेडक्लार्कना विचार. महाविद्यालय कसे चालते हे त्यांच्याइतके सहसा कोणालाच ठाऊक नसते.

मग मी म्हणालो, "आपल्या हॉलमध्ये रविवारी दुपारी दहावीच्या मुलांचा विज्ञानाचा वर्ग असतो. महिनाभर तू घे. मी मागे बसेन."

"तुम्हाला रसायनशास्त्र कळतं, फादर?"

"मुळीच नाही. मला कळलं, तर मुलांनाही कळेल."

त्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली.

रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. पहिली दहा मिनिटे ती फळ्याशीच बोलत होती. नंतर एका मुलाने लोखंड गंजते तसे सोने का गंजत नाही, असे विचारले आणि ती वळली. हात खडूने भरलेले, आवाज मोकळा. मी कागदावर दोनच ओळी लिहिल्या. वर्ग सुटल्यावर तिने तो कागद उभ्या उभ्या वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारले, "पुढच्या रविवारी याल ना?"