वेळासची कासवी

प्रवरेच्या कालव्यांच्या मुलखात ज्याचे बालपण गेले, त्याच्या लेखी पाणी म्हणजे बांधलेली, मोजलेली आणि पाळीने मिळणारी वस्तू होय. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि तेव्हापासून आमचे देवळाली प्रवरा व भोवतालची गावे आवर्तन केव्हा सुटणार, उसाला पाणी पुरणार की नाही, याच चिंतेत पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. अशा मुलखातील मनुष्यास कोणाच्याही हुकमात नसलेला समुद्र सहसा रुचत नाही; मला तर तो कधीच रुचला नाही. फाल्गुनात मी रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावी गेलो, तो समुद्रासाठी नव्हे, कासवीसाठी गेलो.

ही कासवी माझ्या मनात फार जुनी आहे. आमच्याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशास, १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सिद्ध केली. तीत ही कासवी येते, आणि पुढे संतांच्या वाणीत व कीर्तनकारांच्या निरूपणात ती वारंवार येत राहते. ती पिलांना अंगावर पाजीत नाही, दुरून केवळ त्यांच्याकडे पाहते आणि त्या दृष्टीनेच पिले पोसली जातात, असे सप्ताहाच्या मंडपात ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. देवळातील दगडी कासवाला ओलांडून गाभाऱ्याकडे जाताना हीच ती प्रेमळ आई, अशी माझी समजूत असे.

घाट, रात्र आणि वळणांचा रस्ता यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. वेळासला उतारूंसाठी खानावळी वा विश्रांतिगृहे यांचा थाट नाही. गावकरी आपल्याच घरी पाहुणे ठेवतात. ज्या घरी मी उतरलो तेथील आजींनी, मी माळकरी आहे हे कळताच, कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असे जेवण वाढले. बाजरी व शेंगदाण्याचे कूट यांवर वाढलेल्या माझ्या जिभेस नारळाचे प्रेम नाही. तथापि ती सोलकढी मी तीनदा मागून घेतली, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

सायंकाळी आम्ही सुरुबनातून किनाऱ्यावर गेलो. जाळीने वेढलेल्या आवारात वाळूवर वेताच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या, आणि प्रत्येक घरट्यापाशी अंडी पुरल्याची तारीख व त्यांची संख्या लिहिलेली पाटी. भोवती शहरातून आलेली बरीच मंडळी जमली होती. ज्याला येथे ‘कासवमित्र’ म्हणतात असा एक तरुण आत गेला, त्याने एकेक टोपली हलकेच उचलली, आणि प्रत्येक टोपलीखाली नुसती वाळू होती. लगेच कुरकूर सुरू झाली. एवढ्या लांबून आलो, पैसे खर्च केले, आणि दाखवायला काहीच कसे नाही, असे एका गृहस्थाने त्या तरुणास दरडावून विचारले. मला त्या गृहस्थाचा मनस्वी संताप आला. जन्माची वेळ का कोणाच्या तिकिटावर छापलेली असते? तरुण मात्र शांतपणे म्हणाला, “सकाळी परत उघडू. यायचं असलं तर या.”

गर्दी पांगल्यावर मी त्याच्याजवळ थांबलो आणि माझ्या मनातील कासवीविषयी त्याला विचारले. तो पायाने वाळूवर रेषा ओढीत सांगू लागला. हिवाळ्यातील रात्री मादी भरतीच्या रेषेवर चढून येते, मागच्या वल्ह्यांनी गाडग्याच्या आकाराचा हातभर खोल खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाच्या भाराने ती चोपते आणि समुद्राकडे वळते. “मग?” मी विचारले. “मग काही नाही. ती गेली. मागं वळून बघत नाही,” तो म्हणाला.

हे वाक्य मला लागले. रात्री आजींच्या ओटीवर पडलो असता तेच मनात घोळत राहिले. परंतु त्याने पुढे जे सांगितले होते तेही हळूहळू उलगडू लागले. मादी गेल्यावर पहाटे त्याच्यासारखीच कासवमित्र मुले किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, वाळूवरील तिचा माग शोधतात, काठीने चाचपून घरटे हुडकतात; कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडण्यापूर्वी अंडी उचलून आवारात त्याच खोलीच्या, त्याच आकाराच्या खड्ड्यात पुरतात, आणि पुढे पन्नासाहून काहीसे अधिक दिवस त्यांची राखण करतात. एके काळी हीच अंडी गावोगाव काढून खाल्ली वा विकली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ साली येथे संरक्षणाचे काम आरंभिले आणि वेळासकरांनी ते आपले मानले. संतांची उपमा मला खोटी वाटेना. ज्या दृष्टीने पिले वाढतात ती दृष्टी येथे आहेच, आईने सोडलेला तो भार गावाने उचलला आहे.

सकाळी माणसे थोडी होती. रात्रीचे ते गृहस्थ निघून गेले होते. दुसऱ्या ओळीतील टोपली उचलताच वाळूचा एक चतकोर भाग हलताना दिसला. प्रथम एक काळसर डोके, मग एक वल्हे, मग त्याच छिद्रातून एकमेकांच्या पाठीवर चढत विसाच्या वर पिले बाहेर आली. तळहाताच्या निम्म्यात मावेल एवढा तो जीव. पाठीवरील खवले ओले, डोळ्यांच्या कडेला वाळूचे कण चिकटलेले. तरुणाने ती लाटेपर्यंत नेली नाहीत. पाण्यापासून बरीच अलीकडे, ओल्या वाळूवर ठेवली. ती स्वतःच्या पायांनी चालत गेली पाहिजेत, असे त्याने सांगितले; या चालीतच जन्मकिनाऱ्याची खूण त्यांच्या ठायी उमटते, असे अभ्यासक मानतात. एक पिलू पहिल्या लाटेने उलथे पडले, पाय झाडीत राहिले. जवळची एक मुलगी धावली, तोच तरुणाने हात आडवा केला. दुसऱ्या लाटेने ते सुलटे झाले आणि गेले. हजारांतून एखादेच मोठे होते म्हणतात. तरीही त्या क्षणी मला त्यांपैकी एकाचाही मृत्यू मनात आणवेना.

वेळास हे नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. एरवी घराण्यांच्या वंशावळीत मला गोडी नाही, पण पाटीवरील ती तारीख आणि ते आकडे पाहून मला नानांच्या दफ्तराची आठवण झाली. ज्या गावाने पेशवाईचा हिशेब राखणारा पुरुष दिला, त्याच गावी आज अंड्याअंड्याची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते, ही गोष्ट मला मोठी समाधानाची वाटली. या टिपणांचे मोल काय, हे ओडिशातील उदाहरणावरून कळते. तेथे २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५ साली आपल्या गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्वेचे कासव पश्चिमेस येते हे त्या एका बिल्ल्याने सिद्ध केले.

बाणकोटचा किल्ला आणि हरिहरेश्वर यांसाठी एक दिवस गेला. निघण्यापूर्वी मी त्या तरुणास जपानातील एका गावाविषयी सांगितले. शिकोकू बेटाच्या तोकुशिमा प्रांतात हिवासा नावाचे छोटे समुद्रकाठचे गाव आहे; तेथील ओहामा किनाऱ्यावर कासवी चढतात. १९५० साली, युद्धाने देश होरपळलेला असताना, तेथील शाळेच्या मुलांनी व शिक्षकांनी त्या कासवींची टिपणे ठेवण्यास प्रारंभ केला; पुढे १९८५ साली गावात कासवांचे स्वतंत्र संग्रहालयही उभे राहिले. शाळकरी पोरांनी आरंभिलेले काम गावाने दीर्घकाळ निष्ठेने चालविले, याचे मला विलक्षण अप्रूप वाटते, आणि वेळासचा हा तरुण त्यांच्याच पंक्तीत बसणारा आहे असे मी त्याला मोकळेपणाने सांगितले.

त्याने सर्व लक्ष देऊन ऐकले. मग टोपली पुन्हा घरट्यावर बसवीत त्याने विचारले, “त्यांच्याकडे कोल्ही आहेत का हो? ते रात्रीचं काय करतात?” मला सांगता आले नाही. परत आल्यावर हिवासाच्या संग्रहालयास पत्र लिहून मी हाच प्रश्न विचारला आहे, आणि उत्तर येताच ते वेळासला कळवावयाचे आहे.