दोन सबवूफर आणि एक झोपाळा

वासणा रोडवरच्या आमच्या डुप्लेक्समध्ये हॉलच्या मधोमध झोपाळा आहे. ती आईची जागा. सिनेमा लागला की मागच्या सोफ्यावर बास छातीत धडधडायचा, आईला मात्र जेमतेम ऐकू यायचा. झोका पुढेमागे गेला की घरघर कमीजास्त व्हायची.

सबवूफर चांगला होता, अडचण खोलीची होती. हॉल ५.७ मीटर लांब. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ३० हर्ट्झ येतात. त्या वारंवारतेला समोरासमोरच्या भिंतींमध्ये लहर उभी राहते. भिंतींपाशी दाब सर्वात जास्त, मध्यावर जवळजवळ काहीच नाही. इक्वलायझरने बास चढवला असता तर सोफाच आणखी हादरला असता.

हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली याच प्रश्नावर निबंध मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला तरी बास बराच समान पसरतो, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. त्या लहरीची दोन टोकं नेहमी एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्हीकडून एकाच क्षणी सारखा धक्का दिला की ती उभीच राहत नाही. मी त्याच मॉडेलचा दुसरा सबवूफर आणून मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला, पहिला कोपऱ्यातून काढून पुढच्या भिंतीच्या मध्यावर सरकवला आणि रिसीव्हरचं ऑटो सेटिंग चालवलं.

मग यूमिक हा मोजणीचा माइक स्टँडवर लावून जागोजागी फिरवला आणि लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्डने स्वीप सोडले. ‘वूऽऽम’ असा सूर चढत जाई आणि मध्येच शोकेसमधल्या बशा किणकिणत. सोफ्यावरचा आलेख देखणा आला. झोपाळ्याच्या जागी मात्र ५० हर्ट्झला खोल खड्डा. एकेक सबवूफर चालवला तर खड्डा नाही, दोन्ही लावले की हजर!

उत्तर डिलेमध्ये होतं. सोफ्यापासून मागचा सबवूफर मीटरभरावर, पुढचा साडेचार मीटरवर. दोघांचा आवाज सोफ्यावर एकदमच पोचावा म्हणून रिसीव्हरने मागच्याला सुमारे १० मिलिसेकंद थांबवलं होतं. ५० हर्ट्झचं अर्धं आवर्तन नेमकं तेवढंच. झोपाळा दोघांपासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे तिथे एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. यंत्राने हिशेब बरोबर केला होता, पण एकाच माणसासाठी.

मी रिसीव्हरचं एकच आउटपुट वाय-केबलने दोघांना दिलं आणि दोघांची लेव्हल जुळवली. खड्डा भरला. नंतर दोघांचं मिळून एकच अंतर थोडंथोडं बदलत ८० हर्ट्झपाशी पुढच्या स्पीकरशी सांधा बसवला. ६० हर्ट्झचा उंचवटा राहिला, कारण त्या लहरीत दोन्ही टोकं एकाच बाजूची असतात. तो इक्वलायझरने कापला. उंचवटे कापता येतात, खड्डे भरायला जागा किंवा डिलेच बदलावा लागतो.

मुलाची तक्रार आली, “सोफ्यावरचा बास गेला!” गेली होती ती खोलीची ३० हर्ट्झची फुगवटी, पण कानांना तिची सवय झाली होती. दोन्ही सबवूफर ३ डेसिबलने वाढवून दिले. त्याहून जास्त हवं असेल तर आधी बशा हलवाव्या लागतील.