दिवाणजींचे वजन

जो पोटभर जेवतो त्याला काय धाड भरली आहे, असे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. पाहुण्याची प्रकृती त्याच्या चेहऱ्यावरून नव्हे, पोळ्यांच्या संख्येवरून ठरते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आमचे दिवाणजी कोथिंबिरीची जुडी देठांसकट फस्त करून वर पिंजऱ्याची जाळी वाजवू लागले, तेव्हा आई प्रसन्न झाली. “थंडी मानवली हो त्यांना,” म्हणाली.

दिवाणजी म्हणजे गिनीपिग. हा प्राणी डुक्कर नाही आणि गिनी देशाचाही नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. आमच्याकडे येणारे-जाणारे त्याला कोणी ससा म्हणतात, कोणी पांढरा उंदीर. २०२१ साली मुलीने हट्टाने दोन पिले आणली. दोन अशासाठी, की या जातीला एकटे राहणे सोसत नाही. एकाच्या तपकिरी अंगावर उपरणे घेतल्यासारखा पांढरा पट्टा, शिवाय कोपऱ्यात बसून दिवसभर कागद कुरतडण्याची सवय, म्हणून ते दिवाणजी. दुसरा सदैव त्यांच्या मागे-मागे, म्हणून तो कारकून.

मुलगी शिकायला दिल्लीला गेली आणि जाताना माझ्या हाती एक वही देऊन गेली. दर रविवारी दोघांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन मांडायचे, अशी आज्ञा. “बाबा, हे आजार लपवतात,” असे तिने बजावले होते, आणि ते खरेच आहे. ज्याची शिकार होते त्याला आजारी दिसणे परवडत नाही. हा स्वभाव पिंजऱ्यातही सुटत नाही. मी बँकेत तीस वर्षे काढलेला माणूस. दोन रकाने आखून जमाखर्च लिहावा तसे ग्रॅम लिहीत गेलो.

वहीने जे दाखवले ते डोळ्यांनी कोणालाही दिसले नसते. दिवाणजी नोव्हेंबरात १०८० ग्रॅम होते, डिसेंबरअखेर १०१०, जानेवारीअखेर ९२०. कारकुनाचा रकाना मात्र ९८० च्या आसपास स्वस्थ बसलेला. एकच गवत, एकच सिमला मिरची, एकच पाणी. ज्याचे खाणे वाढत होते त्याचेच वजन घटत होते! बँकेत असा खातेदार आला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, की महाराज, पैसा जातो कुठे?

पहिल्या दवाखान्यात “वय झाले” असे उत्तर मिळाले. एवढ्या उत्तरावर माझी आईसुद्धा डॉक्टरांना सोडत नाही, तर मी कसा सोडीन? दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली, याचेच मला अर्धे समाधान झाले. त्यांनी आधी दात पाहिले. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात, आणि ते वाकडे वाढले की जनावर रोडावते. पण दात दुखणारा कमी खातो. इथे उलटा प्रकार. मग बाईंनी दोन बोटे गळ्यावर हलकेच फिरवली आणि श्वासनळीच्या बाजूला थांबल्या. वाटाण्याएवढी गाठ होती. गिनीपिगच्या हृदयाचे ठोके एरवीही मिनिटाला अडीचशे-तीनशेच्या घरात असतात, पण दिवाणजींचे मोजताना बाईंना दोनदा थांबावे लागले. रक्ताची तपासणी झाली. थायरॉक्सिन वाढलेले निघाले.

घरी येऊन सांगितले तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे माझेच दुखणे की काय त्यांना?”

आईची थायरॉइड ग्रंथी मंद आहे. पंधरा वर्षे ती पहाटे उपाशीपोटी गोळी घेते. दिवाणजींची ग्रंथी याच्या अगदी विरुद्ध, बेफाम सुटलेली. ही ग्रंथी म्हणजे शरीराच्या शेगडीचा भाता समजा. भाता मंद झाला की माणूस गारठतो, सुस्तावतो, अंगाने भरतो. भाता जोरात चालला की कितीही कोळसा घाला, जळून जातो. शेगडीची उपमा मी पदरची देत नाही बरे का! लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, किती बर्फ वितळला ते मोजले आणि श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचे सावकाश जळणेच आहे असे मांडले. त्या बिचाऱ्याला थंडीत बसवून जगाला जे कळले, ते आज त्याच्या भाऊबंदाच्या उपयोगी पडत होते. या आजाराकडे जनावरांच्या डॉक्टरांचे लक्षही तसे उशिराच गेले. मांजरांमध्ये तो १९७९ साली प्रथम नीट नोंदला गेला. गिनीपिगची पाळी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

उपायाची चर्चा झाली. शस्त्रक्रिया करून गाठ काढता येते; पण एवढ्याशा जिवाला भूल देणे जोखमीचे, आणि थायरॉइडला चिकटून कॅल्शियमचा तोल सांभाळणाऱ्या आणखी बारीक ग्रंथी असतात, त्यांना धक्का लागला तर नवे संकट. राहिले औषध. माणसांना देतात तेच कार्बिमाझोल. बाईंनी आधीच सांगितले, की याने गाठ जाणार नाही. ग्रंथीला लगाम बसेल, आणि लगाम जन्मभर धरून ठेवावा लागेल. मात्रा किती ते मी इथे लिहीत नाही. हे वाचून कोणी परस्पर प्रयोग करील, आणि ते त्या मुक्या जिवाच्या अंगाशी येईल.

खर्चाचा आकडा ऐकून शेजारचे काका म्हणाले, “अहो, एवढ्या पैशात असले डझनभर नवे येतील.” मी काही बोलणार तोच आई आतून म्हणाली, “मग माझ्या गोळ्यांच्या पैशात काय काय येईल, तेही मोजून ठेवा.” काका चहा न घेता गेले. त्या दिवसापासून हा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

सकाळी आठ आणि रात्री आठ, अशी वेळ ठरली. औषध पातळ करून मिळाले. बिनसुईच्या सिरिंजमध्ये ते ओढायचे, दिवाणजींना टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचे, आणि पुढच्या दातांच्या मागे बाजूला जी मोकळी जागा असते तिथून थेंब-थेंब सोडायचे. त्यांना उताणे मात्र करायचे नाही, नाहीतर औषध श्वासनळीत जाते. मग हात स्वच्छ धुवायचे. आईची बाटली देवघराच्या फळीवर, दिवाणजींची स्वयंपाकघरात, गळ्याला लाल दोरा बांधून. एकीत भाता मारणारे औषध, दुसरीत भाता आवरणारे; अदलाबदल झाली तर दोघांचेही हाल. मे महिन्यात कोल्हापूरला भाचीचे लग्न होते. सौ. गेली, मी आठाच्या ठोक्यासाठी घरी राहिलो. नातेवाइकांना खरे कारण सांगायचे की गुडघा दुखतो म्हणायचे, यावर आमचा बराच खल झाला. सौ.ने खरे सांगितले. कोल्हापूरकर अजून हसताहेत.

दीड महिन्याने उतरण थांबली. वजन ८९० वर अडले, मग ९०० झाले. आणि एके दिवशी दिवाणजींनी अर्धी जुडी तशीच ठेवली. आता तुम्ही म्हणाल, हे तर चांगलेच. पण गिनीपिगने दिवसभर काही खाल्ले नाही तर त्याचे आतडे थंडावते आणि जीव जाऊ शकतो. शिवाय या औषधानेही भूक मरू शकते. म्हणजे चार महिने जी भूक आम्हांला खात होती, तीच परत यावी म्हणून घर देव पाण्यात घालून बसले. दिल्लीहून मुलीचे तासातासाला फोन. आई पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून बसली आणि प्रत्येक काडी मोजू लागली. रात्री साडेदहाला दिवाणजींनी गवताकडे मोर्चा वळवला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. बाईंनी मात्रा किंचित उतरवली.

आता ९७० आहेत. झोपतातही. कारकून त्यांच्या पाठीवर हनुवटी टेकून पडतो, पूर्वी हे एका जागी टिकत नसत म्हणून त्याला ते जमत नसे. आई दुपारी दोघांजवळ बसून आपल्या तब्येतीच्या गोष्टी सांगते, आणि ते ऐकून घेतात.

दिवाळी मात्र जवळ आली आहे. आधीच धावणाऱ्या हृदयाला फटाक्यांची भर नको, म्हणून पिंजरा यंदा आईच्या आतल्या खोलीत हलवला आहे. खिडकीला दोन गोधड्या लावल्या आहेत, लपायला पुठ्ठ्याचे खोके ठेवले आहे. खालच्या मुलांना मी विनंती करून आलो. त्यांनी बाँब मैदानावर न्यायचे कबूल केले, बदल्यात दिवाणजींना बघायला यायची परवानगी मागितली. चौघे आले, सिमला मिरची घेऊन. पुढची रक्ततपासणी भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आहे.