ऐकण्यापुरता रेडिओ

विमाने मला नवी नाहीत. मी पार्ल्याची. सांताक्रूझच्या धावपट्टीवरून उठलेले विमान समुद्राकडे निघाले की पार्ल्याच्या घराघरांतली बोलणी क्षणभर थांबतात आणि ते गेले की थांबल्या शब्दापासून पुढे सुरू होतात. भाजीवाल्याशी चाललेली घासाघीस असो की नवराबायकोचे भांडण, विमानाला सगळी सारखीच. माझ्या वर्गातही तेच. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. कवितेतली विरहिणी आता डोळ्यांना पदर लावणार, इतक्यात डोक्यावरून विमान जाते. मी खडू हातात धरून उभी राहते, मुले तेवढ्यात जांभया देऊन घेतात, आणि विरहिणीला पुन्हा पहिल्यापासून रडवावे लागते. पण त्या विमानात बसलेला वैमानिक कुणाशी काय बोलत असेल, हा प्रश्न मला वीस वर्षांत कधी पडला नव्हता.

तो पडला २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, अमेरिकेत, दादाच्या गॅरेजमध्ये.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. कॅलिफोर्नियात सनीव्हेल येथे त्याला पंचवीस वर्षे झाली. इंजिनिअर आहे, स्वभावाने हिशेबी आहे आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचे माहितीपत्रक त्याच्याकडे तारीखवार लावलेले असते. त्याची मुलगी, आमची छोटी, एकोणीस वर्षांची. तिने हिवाळ्यात जाहीर केले, की इंजिनिअरिंग पुरे, मी वैमानिक होणार. दादा दोन तास बोलला. जगातले विमान-अपघात त्याला तारखांसह पाठ आहेत. सगळे ऐकून घेऊन छोटी एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलता छान. ऐकत मात्र नाही."

त्या दिवसापासून बापलेकींचे बोलणे बंद. मी गेले तेव्हा घराचा कारभार वहिनींच्या टपालकचेरीमार्फत चालला होता. "बाबांना विचार, गाडीची किल्ली कुठे आहे." "तिला सांग, टेबलावर आहे." दोघेही एकाच टेबलाशी बसलेली!

अशा घरात आठवडा काढल्यावर एका रात्री दादाने मला गॅरेजमध्ये बोलावले आणि दार लोटून घेतले.

"मला एक रेडिओ घ्यायचाय. विमानांचं बोलणं ऐकता येतं तसला. तू निवड."

"मी? अरे, मला टीव्हीच्या रिमोटचे सेल घालता येत नाहीत!"

"म्हणूनच. मी निवडला तर सगळ्यात महागाचा घेईन. आणि दुसरं म्हणजे, तू कुणाला सांगणार नाहीस."

मग हळूच खरे कारण बाहेर आले. छोटीचे शिक्षण पालो आल्टोच्या छोट्या विमानतळावर चालले होते. पुढच्या पंधरवड्यात ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. एकटी म्हणजे शेजारी शिकवणारा नाही, कुणी नाही. अमेरिकेत सोळा वर्षे पुरी झाली की तसे उडता येते. दादा म्हणाला, "मला जायचंय. पण तिला कळता कामा नये. लांबून फक्त तिचा आवाज ऐकेन म्हणतो."

यावर बहिणीने काय करावे? मी खुर्ची ओढली आणि वधूसंशोधनाला बसावे तशी रेडिओसंशोधनाला बसले.

स्थळे पुष्कळ होती. उंची, वजन, रंग, घराणे सगळे छापलेले, आणि स्थळांच्या माहितीत असते तसे महत्त्वाचे तेवढे बारीक अक्षरांत. पहिला धडा दादाने दिला. आपला नेहमीचा एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो. त्याच्या वर थोडी जागा विमानांना दिशा दाखवणाऱ्या संकेतांची, आणि ११८ ते १३७ या पट्ट्यात वैमानिकांचे बोलणे चालते. म्हणजे आपली गाणी जिथे संपतात तिथून चार पावलांवर हा सगळा संसार, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! नुसता आकडा जुळून मात्र भागत नाही. हे बोलणे एफएम नव्हे, एएम पद्धतीचे असते. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर मोठा आवाज लहानाला गिळून टाकतो आणि लहान कुणी बोलत होते याचा मागमूसही राहत नाही. एएममध्ये दोन्ही आवाज एकमेकांत अडकून कर्कश किंचाळी उठते. ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत, पण दुसरेही कुणी बोलत होते एवढे तरी कळते. मी म्हटले, "दादा, घरासाठीसुद्धा एएमच बरं." तो काही बोलला नाही.

मग मोठा प्रश्न आला. या रेडिओंच्या दोन जाती. एक नुसते ऐकणारे, त्यांना तिकडे स्कॅनर म्हणतात. दुसरे ऐकणारे आणि बोलणारेही. त्यांच्या कुशीला एक बटण असते. ते दाबले की तुमचा आवाज थेट विमानात. आयकॉम, यासू या जपानी कंपन्यांचे असे संच वैमानिक जवळ बाळगतात. विमानातला रेडिओ बंद पडला तर हाताशी असावा म्हणून. किंमत स्कॅनरच्या दुपटीहून अधिक. दादाचा जीव अर्थातच त्या बटणावर जडला.

"तुला बोलायची परवानगी आहे का?"

"नाही. पण वेळ आली तर?"

"कसली वेळ? ती विमान उतरवत असताना तू तिला दोन तासांचं व्याख्यान देणार?"

अमेरिकेत विमानांचे बोलणे ऐकायला कुणाची हरकत नाही. जमिनीवरून परवान्याशिवाय बोलणे मात्र गुन्हा. ब्रिटनमध्ये ऐकण्यालाही मनाई आहे. आपल्याकडे तर असे बिनतारी यंत्र परवान्याशिवाय जवळही ठेवता येत नाही, तेव्हा परतताना माझ्यासाठीही एक घ्यावा हा मोह जन्मतःच मेला. आमच्या वडिलांच्या कपाटात घरच्या साध्या रेडिओच्या परवान्याचे पुस्तक होते, टपालकचेरीचे शिक्के मारलेले. ऐकण्यासाठीही एके काळी परवाना काढावा लागे, ही गोष्ट मला त्या रात्री वेगळ्याच अर्थाने पटली.

फोनवर इंटरनेटने हेच बोलणे फुकट ऐकू येते, असेही मी सुचवून पाहिले. दादा म्हणाला, "ते थोडं उशिरा पोचतं. ती खाली उतरलेली असेल आणि मी इकडे अजून तिला हवेतच धरून बसलेला असेन." मग मी गप्प बसले.

शेवटी युनिडेनचा बेअरकॅट बीसी १२५ एटी पसंत पडला. विमानांचा पट्टा एएममध्ये ऐकू येतो, पेन्सिल सेलवर चालतो, कानात घालायच्या तारेला भोक आहे आणि बोलायचे बटण नाही. या शेवटच्या गुणासाठी मी त्याला इतर सगळे गुण माफ केले असते. दादाने दोन दिवस तोंड पाडले आणि तिसऱ्या दिवशी मागवला.

मग आमची शिकवणी सुरू झाली. पालो आल्टोचा विमानतळ खाडीच्या काठाला आहे. धावपट्टी एकच. बाजूला दलदल, गवत, बगळे आणि फिरायला पायवाटा. आम्ही भाऊबहीण सकाळी फिरायला म्हणून निघत असू आणि एका बाकावर बसून एकेक कान वाटून घेत असू. पहिल्या दिवशी मला एक अक्षर कळले नाही. दुसऱ्या दिवशी कळू लागले, आणि तिसऱ्या दिवशी मी त्या भाषेच्या प्रेमात पडले.

आयुष्यभर मी मुलांना सांगत आले, की एका शब्दाला दहा अर्थ असणे हे भाषेचे वैभव आहे. इथे एका शब्दाला एकच अर्थ, आणि तो चुकला तर माणसे मरतात. अक्षरे ऐकण्यात चुकू नयेत म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी वर्णमाला केली. तिच्यावर माँट्रिअलच्या झाँ-पॉल व्हिने या भाषातज्ज्ञाने काम केले आणि १९५६ साली ती आजच्या रूपात लागू झाली. इंग्रजी 'नाइन' हा 'फाइव्ह'सारखा ऐकू येतो म्हणून तो 'नाइनर'. १९७७ च्या मार्चमध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकून ५८३ माणसे गेली. त्या वेळी दोन बोलणी एकमेकांवर आदळली होती आणि नेमके महत्त्वाचे शब्द किंचाळीत बुडाले होते. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा काढून घेतानाच उच्चारायचा. एरवी त्याला हात लावायचा नाही. शब्द इतका जपून वापरणारी माणसे मी साहित्य संमेलनातही पाहिली नव्हती.

पण मला सर्वांत आवडला तो परतपाठ. टॉवरने परवानगी दिली की वैमानिकाने ती जशीच्या तशी उलट म्हणून दाखवायची. नुसते 'हो, कळले' चालत नाही. काय कळले ते सांग, मग मी मानीन की तू ऐकलेस.

एक गोष्ट आणखी शिकलो. त्या रेडिओला खरखर दाबणारी सोय असते, तिला स्क्वेल्च म्हणतात. दादाला खरखर सोसत नाही. त्याने ती खूप वर चढवून ठेवली आणि रेडिओ देवघरासारखा शांत झाला. समोर विमाने उतरत होती, वैमानिक बोलत असणार, पण आम्हाला दूरच्यांचे एक अक्षर येईना. मी ती खाली आणली. खरखर आली आणि तिच्या मागोमाग खाडीपलीकडून एक बारीक आवाजही आला. दादा बराच वेळ त्या बारीक आवाजाकडे कान लावून बसला.

तो दिवस उजाडला. "वारा बरा असला तर आज," असे छोटीने वहिनींना सांगितले होते आणि वहिनींनी, कुणी विचारले नसताना, ते मला चहा गाळता गाळता सांगितले. टपालकचेरीला सगळे ठाऊक असते. खाडीवरचे ढग दहा वाजता विरले. आम्ही बाकावर बसलो. पांढरे सेस्ना विमान थांबले, त्यातून शिकवणारा उतरला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. शेजारची खुर्ची रिकामी झाली.

मग तिचा आवाज आला. विमानाचा क्रमांक, आणि पुढे, "विद्यार्थी वैमानिक, पहिले एकटीचे उड्डाण." इंग्रजीतच, पण मला तो थेट आमच्या आईच्या आवाजासारखा वाटला, दूधवाल्याला हिशेब सांगतानाचा, न चढणारा, न पडणारा. टॉवरने परवानगी दिली. तिने ती उलट म्हणून दाखवली. विमान धावले, उठले आणि उजवीकडे खाडीवर वळले.

तीन फेऱ्या मारायच्या, तीनदा उतरायचे असा रिवाज आहे. पहिली निभावली. दुसऱ्या फेरीत ती उतरण्याची परवानगी मागत होती आणि त्याच क्षणी दुसरा कुणी बोलला. किंचाळी! आमच्या दोन्ही कानांत सुई गेल्यासारखी. दादाने रेडिओ घट्ट धरला, आणि त्याचा अंगठा रेडिओच्या कुशीवर बटण शोधत फिरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तिथे बटण नव्हते. टॉवर शांतपणे म्हणाला, दोघे एकदम बोललात, पुन्हा सांगा. एक क्षण काही नाही. एवढा लांब क्षण मी आयुष्यात दोनतीनच पाहिले आहेत. मग तोच आवाज आला. तिने जे सांगायचे ते पुन्हा सांगितले, पहिल्याइतकेच सावकाश. "रनवे थ्री वन, क्लिअर्ड टु लँड," टॉवर म्हणाला. "रनवे थ्री वन, क्लिअर्ड टु लँड," छोटी म्हणाली. आणि माझ्या शेजारी दादाचे ओठही तेच पुटपुटले.

तिसऱ्यांदा ती उतरली तेव्हा टॉवरने तिचे अभिनंदन केले. दादाने चष्मा पुसला. दलदलीकडून वारा फार येतो म्हणाला.

रात्री जेवायला छोटी आली ती हसू दाबतच. वहिनींनी शिरा केला होता. का केला, हे कुणी विचारले नाही. छोटीने आईला सगळे सांगितले. दादा ताटात बघून जेवत होता. मग पाण्याचा पेला ठेवून ती एकदम म्हणाली, "बाबा, माझी गाडी दुरुस्तीला दिलीय. उद्या सकाळी सात वाजता मला विमानतळावर सोडाल?"

टपालकचेरीला वगळून आलेले हे गेल्या कित्येक महिन्यांतले पहिले वाक्य. मी घास हातात धरून बसले. पूर्वीचा दादा असता तर गाडी आधीच का नाही दाखवलीस इथून सुरू झाला असता.

"उद्या सकाळी सात. विमानतळ," दादा म्हणाला.

छोटी त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. मी शिरा वाढून घेतला. पुन्हा तिने बापाकडे पाहिले, आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"रीडबॅक करेक्ट," ती म्हणाली. परतपाठ बरोबर आहे, असे टॉवर सांगतो ना, तसे.

त्यानंतर कोण किती रडले ते सांगण्याचे कारण नाही. अपघातांची भीती दादाची गेलेली नाही आणि इंजिनिअरिंगचा प्रश्नही तेव्हा सुटला नव्हता. पण बोलणी दोघांची आपापसात सुरू झाली. वहिनींची टपालकचेरी बंद पडली.

रेडिओ तिकडेच आहे. मी पार्ल्याला परत आले. वर्गावरून विमान गेले की अजूनही खडू धरून थांबते. फक्त आता मला वाटते, वर कुणीतरी कुणाचे तरी म्हणणे जसेच्या तसे परत म्हणून दाखवत असेल. मग मी मुलांना विचारते, "मी आत्ता काय म्हणाले ते सांगा बरं." आणि त्यांनी काय ऐकले, ते मीही ऐकते.