मामूंचा बेंजो आणि न मरणारा सूर

आमचे मामू बेंजो वाजवत. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, कव्वाली पार्टीत आणि संदलच्या मिरवणुकीत वाजणारं ते लांबट पेटीचं वाद्य. पुस्तकात त्याला बुलबुल तरंग म्हणतात. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं १९१२ साली ते बनवलं. तिकडं त्याचं नाव ताइशोगोतो. हे आम्ही मामूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “जपान का है ये? हम तो अजमेर का समझे थे.”

या वाद्याची एक अडचण आहे. तार छेडली की सूर निघतो आणि लगेच मरायला लागतो. शेजारी हार्मोनियमवाल्याचं बरं असतं, भात्यात हवा आहे तोवर त्याचा सूर जागचा हलत नाही. सारंगीवाल्याकडं गज असतो. बेंजोवाल्यानं मात्र उजव्या हातानं तारेवर सतत, भराभर आघात करत राहायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. मामूंचं मनगट त्यासाठी केज तालुक्यात ओळखलं जाई. उरुसात रात्री दोन वाजले तरी ते थकत नसे.

तीन वर्षांपूर्वी मामूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, चालणंही बरंचसं आलं, मनगट आलं नाही. बेंजो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. घरातल्या एका मंडळींना तर बरंच वाटलं असावं. गाणंबजावणं दीनदार घराला शोभत नाही, असं त्यांचं मत. मामू त्यांच्याशी कधी वाद घालत नसत. पाचही नमाजा वेळेवर पढत आणि जुम्मेरातीला बेंजो घेऊन निघत.

यंदाच्या ईदला आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. शिरखुर्मा संपायच्या आत त्यानं गिटार काढली आणि खिशातून मुठीत मावेल एवढी चंदेरी वस्तू काढून तारेवर धरली. सूर हळूहळू उगवला, वाढला आणि तसाच राहिला. “सर, ये सुर मरताच नै!”

त्या वस्तूचं नाव ई-बो, म्हणजे विजेचा गज. ग्रेग हीट या अमेरिकन माणसाचा हा शोध, १९७६ पासून बाजारात आहे. आम्ही उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. विजेची घंटी शिकवताना फळ्यावर जे गुंडाळं काढतो, तसली दोन गुंडाळी यात असतात. एक तारेचं कंपन टिपतं. ते सर्किटमधून मोठं होऊन दुसऱ्या गुंडाळ्यात जातं आणि तिथलं चुंबकत्व तारेला बरोबर तिच्याच चालीनं ढकलत राहतं. उरुसातला झोका योग्य क्षणी ढकलला की थांबत नाही, तसंच. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरते. तार मात्र पोलादाची हवी, पितळेची तार चुंबकाला ओळख देत नाही.

मग गप्पा लांबल्या. विजेच्या गिटारवाल्यांना सूर न मरू देण्याचं जुनं वेड आहे. सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे गिटार घेऊन स्पीकरसमोर उभं राहायचं. स्पीकरचा आवाज तारेला हलवतो, तार पुन्हा स्पीकरला. माईक भोंग्यासमोर आला की जी शिट्टी वाजते आणि सगळे कानावर हात ठेवतात, तिचीच ही सगी बहीण. जिमी हेंड्रिक्सनं तिच्यातून संगीत काढलं. कार्लोस सांताना तर स्टेजवर कुठं उभं राहिलं की कोणता सूर टिकतो, याच्या खुणा करून ठेवत. पण एवढा मोठा आवाज मोहल्ल्यात कोण सहन करणार!

गिटारच्या पोटातच असं यंत्र बसवता येतं. सस्टेनिअॅक या नावानं ते मिळतं. जपानच्या फर्नांडिस कंपनीच्या गिटारी त्यासाठी प्रसिद्ध होत्या, ती कंपनी २०२४ साली बंद पडली. यात दोन्ही हात मोकळे राहतात, ही मोठी सोय. पण वाद्य कापावं लागतं.

आणि एक मायकेल ब्रुक. या कॅनडाच्या वादकानं अशीच गिटार स्वतः बनवली आणि तिला ‘इन्फिनिट गिटार’ म्हटलं. यू-टू या बँडच्या ‘विथ ऑर विदाऊट यू’ या १९८७ च्या गाण्यात तसलीच गिटार आहे. विद्यार्थी ते कौतुकानं सांगत होता, पण आम्ही दुसऱ्याच गोष्टीवर अडकलो. नुसरत फतेह अली खाँ साहेबांचा १९९० चा ‘मस्त मस्त’ हा अल्बम याच ब्रुकनं केला आणि त्यात ही गिटार आहे. मामूंकडची ती कॅसेट आम्ही लहानपणी घासून घासून ऐकली. खाँ साहेबांच्या मागं जे धुक्यासारखं पसरलेलं असे, ते काय, हे तीस वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मामूंकडं गेलो. त्यानं पायाखाली दाबायचं एक यंत्रही आणलं होतं, फ्रीझ नावाचं. ते वाजलेल्या सुराचा एक क्षण पकडतं आणि तोच ऐकवत राहतं. तार केव्हाच थांबलेली असते. मामूंनी ऐकलं आणि म्हणाले, “ये तो फोटू है.” आमचंही मत तेच झालं.

ई-बो बेंजोवर सहज बसेना. त्याच्या खाचा गिटारच्या तारांच्या अंतरानं केलेल्या, बेंजोच्या तारा फार जवळजवळ. शेवटी मामूंनीच सुराच्या जोडीतली एक तार काढायला सांगितली. डावा हात बटणांवर आपोआप गेला. उजव्या हाताला आता मारायचं नव्हतं, फक्त धरायचं होतं. हात थरथरत होता, पण थरथर सुरात उतरली की गमकेसारखी लागत होती. पहिला सूर उगवायला वेळ लागला. मामू त्याच्याकडं बघत राहिले. मग दुसरं बटण, तिसरं. आघात नाही, त्यामुळं ठेका नाही. संदलमध्ये याचा काही उपयोग नाही, हे आम्हाला लगेच कळलं, त्यांना आमच्याआधी कळलं असणार. तरी वीसेक मिनिटं ते वाजवत होते. असरची अजान झाली तसा त्यांनी हात उचलला. तार आपली आपण विझली.

आत स्वयंपाकघरातून मामींनी विचारलं, “इत्ते दिन कां छुपाके रखे थे ये?”

विद्यार्थी पुण्याला गेला, ई-बो त्याच्याबरोबर. अमेरिकेत त्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास आहे, इथं येईपर्यंत आणखी चढते. आम्ही मागवतो म्हटलं तर मामू म्हणाले, आधी नातीची फी भरा. ठरलेलं काही नाही. बेंजो मात्र अजून खालीच आहे आणि ती काढलेली तार मामूंनी परत बसवलेली नाही.