विजेची मोटारसायकल

मुलांनो, गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने विजेवर चालणारी मोटारसायकल घेतली. आवाज नाही, धूर नाही आणि पेट्रोलचा खर्चही नाही! मालेगावात रोज कामावर जाण्यायेण्यास ती फार सोयीची.

एका रात्री नाशिकहून फोन आला. आमच्या फुफीजानना दवाखान्यात दाखल केले होते. नाशिक सुमारे १०० किलोमीटर दूर आणि बॅटरी जेमतेम निम्मी! पेट्रोल पाच मिनिटांत भरता येते. या गाडीची बॅटरी भरायला मात्र चार तास लागतात. अखेर शेजाऱ्यांची मोटारसायकल मागून आम्ही निघालो. अल्लाहच्या कृपेने फुफीजान बऱ्या झाल्या.

परतल्यावर भाऊ म्हणाला, "भाईजान, ही गाडी विकून टाकू का?"

मी अशा गाड्या चालवणाऱ्या दोघांना विचारले. एक तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली प्लग नसल्याने तो कंटाळला आहे. दुसरा दूधवाला. तो म्हणाला, "दोघे बसलो किंवा वेग वाढवला, की बॅटरी लवकर उतरते. पण गावातल्या फेऱ्यांना हिच्यासारखी गाडी नाही."

भावाने गाडी विकली नाही. आता तो रोज रात्री न विसरता प्लग लावतो.

तुमच्या घरी अशी गाडी घ्यायची झाली, तर आधी विचारा : रोज किती दूर जायचे? आणि प्लग कुठे आहे?