मैनेची बादली

आमच्या मैनेला दोन वयं होती. एक अण्णांच्या तोंडातलं आणि दुसरं तिच्या स्वतःच्या तोंडातलं.

अण्णांनी ही घोडी १९९४ साली माळेगावच्या यात्रेत घेतली. नांदेड जिल्ह्यातलं हे खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्षात तिथे घोड्यागाढवांचा, उंटांचा मोठा बाजार भरतो. विकणारा म्हणाला, सात वर्षांची आहे. दिवस कलला होता. अण्णांनी तिचा ओठ खाली ओढला, पुढच्या दातांवरचे काळे खळगे पाहिले, मान हलवली आणि पैसे मोजले. कुमैत रंग, कपाळावर पांढरा टिळा, उंचीला बेताची. पाय मात्र असे, की माथेरानच्या लाल मातीतून उतार उतरताना पाठीवरच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये. ही बढाई अण्णांची. चहा घेऊन कोणी बसलेलं मी पाहिलेलं नाही.

माथेरानात अण्णा पर्यटकांना घोड्यावरून न्यायचे. तिथे तेव्हा मोटार म्हणून काही नव्हतं. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबायच्या, पुढे अडीच-तीन किलोमीटर पायी, हातरिक्षात नाहीतर घोड्यावर. नेरळहून वर येणारी १९०७ सालची छोटी गाडी होती, पण २६ जुलै २००५ च्या पावसात तिचा मार्ग जागोजागी वाहून गेला आणि २००७ पर्यंत ती बंदच राहिली. त्यामुळे २००५ च्या दिवाळीपासून घोड्यांना उसंत नव्हती. घरात पैसा आला, आणि त्याच मोसमात मैना रोडावली. सगळे म्हणाले, कामाने. अण्णाही तेच म्हणाले. जूनमध्ये नेहमीप्रमाणे घोडे पावसाळ्यासाठी खाली नेरळजवळच्या आमच्या घरी आणले. महिनाभर पाठीवर खोगीर नाही, तरी घोडी भरेना.

गंमत म्हणजे पोट चांगलं गोल होतं. शेजारी म्हणायचे, "पोट तर आहे की!" पण ते पोट पेंढ्याचं. आमचा भाग भाताचा, त्यामुळे पेंढा फुकटासारखा. त्यात कस नाही, तो चावायला वेळ लागतो आणि आतड्यात नुसता तुंबून राहतो. घोड्याची तब्येत पोटावरून बघायची नसते. कण्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवायचा, फासळ्यांवरून बोटं फिरवायची, शेपटीच्या मुळाशी खड्डा पडलाय का ते चाचपायचं. मैनेचा कणा घराच्या आढ्यासारखा वर आला होता.

अण्णांनी मग घोडेवाल्याचा पहिला आणि बहुतेक वेळा चुकीचा उपाय केला: चंदी वाढवली. दोन किलो हरभऱ्याचे चार केले, तेही सकाळ-संध्याकाळ दोनच वेळा. घोडं एवढं थोरलं दिसतं, पण त्याचं जठर लहान, दहा-पंधरा लिटरचं. एका वेळी जास्त दाणा गेला की तो न पचताच पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे आंबतो. आठव्या दिवशी रात्री मैनेला शूळ उठला. ती पोटाकडे वळून वळून बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची, आडवी पडून लोळू पाहायची. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं मागच्याच वाटेने जायला हवं. भर पावसात, कंदील घेऊन, अण्णा आणि मी तिला अंगणात पहाटेपर्यंत फिरवत होतो. सकाळी लीद पडली तेव्हा अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. त्या लिदेत अख्खे हरभरे होते. ते मी पाहिले, अण्णांनीही पाहिले; अर्थ मात्र दोघांनाही कळला नाही.

कळला तो आजीला. ती दिवसभर ओटीवर बसायची, समोर मैनेची दावण. एका दुपारी म्हणाली, "अरे, ही घोडी माझ्यासारखं करते. चघळते न् टाकते." दावणीखाली खरंच ओल्या गवताच्या लांबट गुठळ्या पडल्या होत्या, अर्धवट चावलेल्या. आजीच्या तोंडात तेव्हा तीन दात होते. अण्णा हसले आणि विषय संपला.

ऑगस्टमध्ये मुंबईहून एक डॉक्टरीणबाई घोडे तपासायला आल्या. त्यांनी मैनेच्या जबड्यात लोखंडी चौकट बसवली, विजेरी लावली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. घोड्याचा दात आयुष्यभर दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतो आणि तेवढाच झिजतो. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, म्हणून वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धारदार कडा येतात. मैनेच्या कडांनी गाल आणि जीभ दोन्ही सोलवटले होते. एक दाढ पडून गेली होती, दुसरी हलत होती. बाईंनी लांब दांड्याच्या कानशीने धार तेवढी मोडली. फार घासायचं नाही म्हणाल्या. म्हाताऱ्या घोड्याचा दात मुळात उरलेलाच थोडा असतो.

मग त्यांनी विचारलं, "वय काय?" अण्णा म्हणाले, "एकोणीस." बाईंनी वरच्या ओळीतला अगदी कोपऱ्यातला पुढचा दात दाखवला. त्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीजवळ एक उभी काळपट रेघ उगवते, पंधराव्याला निम्म्यापर्यंत येते, विसाव्याला टोकाला पोचते आणि मग वरून, हिरडीकडून, पुसत जाते. तंतोतंत हिशेब नाही, पण अंदाज येतो. मैनेची रेघ वरच्या अर्ध्या भागातून नाहीशी झाली होती. म्हणजे पंचविशीच्या आसपास.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. दातांत खळगे कोरायचे आणि तापल्या तारेने काळे करायचे, ही दलालांची जुनीच युक्ती. त्यांनी ती ऐकलेली होती. आपण फसलो याचं त्यांना फार वाटलं नसावं. गेल्या मोसमात पंचवीस वर्षांच्या घोडीवर आपण दिवसाला चार-चार खेपा घातल्या, हे त्यांना लागलं. मैना पुन्हा वर गेली नाही.

आता तिला खायला कोण घालणार? अण्णा दुसऱ्या घोड्याबरोबर माथेरानात. म्हणजे आई. आईचं आणि मैनेचं बारा वर्षं जमलं नव्हतं; घरातल्या किराण्याआधी चंदीचे पैसे निघतात, हा तिचा राग होता. पण बाईंनी सांगितलेलं तिने एकदाच ऐकलं आणि तसंच्या तसं केलं. पेंढा बंद. कर्जतकडचं गवत दिवाळीनंतर कापून मुंबईच्या तबेल्यांना जातं, त्यातलंच पानाचं, हिरवट वाळलेलं गवत घ्यायचं, कुट्टी करायची आणि भिजवूनच घालायची. कोरडी कुट्टी घाईने गिळली तर नरड्यात अडकते. जव शिजवायचे. जवस मूठभर, तोही चांगला उकळून, बुळबुळीत होईपर्यंत. नुसता भिजवलेला कच्चा जवस विषारी ठरू शकतो. गव्हाचा कोंडा बेताने, आणि त्यात चुनखडीची पूड, कारण कोंड्यात कॅल्शियम फार कमी. (आजीने आपली चुन्याची डबी पुढे केली. हा तो चुना नव्हे, हे तिला दोनदा समजवावं लागलं.) दोन चमचे मीठ. आणि तेल: पहिल्या दिवशी दोन चमचे, मग वाढवत वाढवत तीन आठवड्यांनी दिवसाला एक पेला. तेल दाण्यासारखं आंबत नाही आणि अंगाला लागतं. गोडेतेलाचा भाव बघून आई दर वेळी एक सुस्कारा टाकायची, पण पेला भरूनच ओतायची.

हे सगळं पाच वेळा, थोडं थोडं, बादलीतून. तोबऱ्यात ओलं कालवण चालत नाही. दुसरा घोडा खाली असला की त्याला लांब बांधायचं. तो वीस मिनिटांत आपलं संपवून मैनेच्या बादलीवर चाल करून यायचा, आणि मैनेला एका बादलीला तास लागायचा. ती खायची, थांबायची, मान वर करून रस्त्याकडे बघायची, पुन्हा खायची. आई तेवढा वेळ तिथेच तांदूळ निवडत बसे. थंडीत पाणीही कोमट करून द्यायची, कारण गार पाण्याने मैनेचे दात कळायचे आणि ती तोंड बुडवून तसंच काढून घ्यायची.

त्याच चुलीवर आजीची पेज. "घोडीला तेल, जवस आणि मला नुसतं मीठ," असं आजी आल्यागेल्याला सांगायची. एकदा आईने खरंच तिच्या पेजेत चमचाभर तूप सोडलं, तर म्हणाली, "मला कशाला? मी काय घोडी आहे?"

वजन करायचं कुठे? आमच्याकडे काटा नव्हता. बाईंनी सूत्र दिलं होतं: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११८७७, की किलो निघतात. मी तेव्हा दहावीत होतो; बीजगणिताचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव प्रत्यक्ष उपयोग. सप्टेंबरात घेर १५० आणि लांबी १३५, म्हणजे साधारण २५६ किलो. फेब्रुवारीत घेर १५८ भरला: २८४ किलो. अण्णांचा सूत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी एक सुती दोरी ठेवली होती. महिन्याला छातीभोवती गुंडाळायची आणि टोक पोचेल तिथे गाठ मारायची. गाठी एकेक बोटभर पुढे सरकत होत्या.

पुढची तीन वर्षं त्या गाठी थोड्या पुढे, थोड्या मागे होत राहिल्या. पावसाळ्यात मागे, थंडी सरली की पुढे. वर्षातून दोनदा दातांना कानस, ठरल्या वेळी जंताचं औषध. पाठीवर एवढंसं मांस कायम राहिलं. आजी २००८ मध्ये गेली. मैना २०१० च्या जानेवारीत, एका पहाटे, दावणीतच. रात्रीची बादली तिने चाटून पुसून ठेवली होती.

अण्णांनी पुढचा घोडा २०११ साली घेतला, भर दुपारच्या उन्हात. आधी त्याचा वरचा ओठ उचलून कोपऱ्यातला दात बघितला, मग पाय.